समास

विर्वेच्या घरी पुस्तकं न्हाणीच्या टबातसुद्धा.
ती स्वतः बादलीने अंघोळ करते.

एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतलं 'अचानक' खोडलं तिने.
"अचानक काही होत नसतं," मला सांगायची,
"तुझं आधी लक्ष नव्हतं, एवढंच."
पेन्सिल इतकी फिकट
की पान खिडकीकडे धरल्याशिवाय खूण दिसू नये.

परीक्षणं मात्र शाईने.

शहाऐंशी साली आइवार नावाच्या पोराच्या
पहिल्या कादंबरीवर साडेचार ओळी लिहिल्या.
दुसरी त्याने लिहिलीच नाही.

आता तो तार्तूच्या बाजारात, नदीकाठी,
धुरी दिलेले मासे विकतो.
विर्वे दर शनिवारी त्याच्याकडूनच घेते.
बोलणं फक्त वजनापुरतं.

परवा मी सोबत होते.
खडूच्या पाटीवर एक विभक्तीचा प्रत्यय चुकलेला.
तिचा हात खिशात गेला, तिथेच थांबला.
आइवारने पाहिलं. खडू पुढे केला.
"करा. सवय आहे तुम्हाला."

"राहू दे," ती म्हणाली. "वाचता येतंय."

घरी आल्यावर टबाच्या तळाशी कोपरापर्यंत हात घालून
तिने ते पुस्तक ओढून काढलं.
मासा तसाच कागदात, ओट्यावर.
मी चहा घेऊन आले तेव्हा ती त्रेसष्टाव्या पानावर होती,
समासात काहीतरी लिहीत,
इतकं फिकट,
की मी पान खिडकीकडे धरलं असतं.
पण नोव्हेंबर होता,
साडेतीनलाच बाहेर काळोख.