विचारा

हॅलिफॅक्सच्या इस्पितळाने दिलेली काठी राखाडी होती,
ॲल्युमिनियमची, भोकाभोकांची,
उंची कमीजास्त करायला एक चाप.
फिजिओथेरपिस्ट म्हणाली, झाली बघा तुमच्या मापाची.
चव्वेचाळिसाव्या वर्षी.

मूल म्हणजे म्हातारपणाची काठी, म्हणतात आमच्याकडे.
मूल झालं नाही.
काठी म्हातारपणाची वाट न बघता दारात आली.

सकाळी मी धडधाकट असते.
नऊ वाजता पोस्टाची चढण चढते,
चार वाजता टोस्ट चावताना जबडा मध्येच थांबतो,
डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली येते
आणि स्टॉपवर एकाच नंबरच्या दोन बस येतात,
शेजारी शेजारी.
त्यातली एक खरी असते.
काठी पुढे करून मी चाचपते, कुठली.

"सकाळी तर बिनकाठीच्या दिसलात,"
बाकावरचा एक जण म्हणाला, चोर पकडल्यासारखा खूश.
सांगायला तोंड उघडलं
तर शब्द सादळलेल्या पापडासारखे.
त्याला वाटलं, प्यायलेय.

त्या रात्री सुटकेस काढली.
दर वेळी निघताना आईने ओटीत घातलेले खण,
एकोणीस वर्षांचे, एकही न शिवलेला.
इथे चोळी घालायची कुठे,
आणि आता तर बाही चढवायला हात वर जात नाही.
आजारांनाही हल्ली रंग वाटून दिलेत.
माझ्या वाट्याला मोरपंखी.
खणांच्या चळतीत तो तीनदा निघाला.

शेजारच्या ऑड्रीने, कारपेटच्या गिरणीतली एकवीस वर्षं
बोटांच्या टोकांत ठेवलेल्या ऑड्रीने,
कापड चोळून बघितलं, उलटं केलं, नाकाशी नेलं.
"सरळ नको कापूस. तिरकं काप.
तिरकं कापड वळतं, सरळ हट्ट करतं."
गोंद तिचा. दोरा तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, गळाचा.
मुठीखाली काठ आला, लाल, बारीक नक्षीचा,
आणि खाली पांढऱ्या दोऱ्याने मी इंग्रजीत भरलं:
आळस नाही. नशा नाही. मायस्थेनिया. विचारा.
अकरा दिवस लागले. फक्त सकाळीच भरता येत होतं.

भिंतीला उभी केली तर थेट गुढी.
घाईने आडवी केली.
गुढी जिंकलेल्यांची असते.

विचारतात.
दहातले सात जण कापडाबद्दल विचारतात.
त्यांनाही मी आधी स्नायू सांगते, मग खण.
एका शाळकरी पोराने च्युइंगगम थांबवून
मा-य-स्थे करत सगळं वाचलं,
म्हणाला, माझ्या मावशीची पापणी पण अशीच पडते,
ती म्हणते झोप कमी.
माझा आवाज संपला होता. मी
काठीच्या टोकाने तोच शब्द पुन्हा दाखवला.
त्याने फोटो काढला.
पुढे काय झालं, माहीत नाही.

बाकावरचाही भेटला. वाचलं.
काही बोलला नाही, पिशवी मांडीवर घेऊन
जरा सरकला.

गावाला असं सगळं सांगून झालं होतं.
आईला नव्हतं.
आईला मी सकाळीच फोन करते,
शब्द शाबूत असतात तेव्हा.
रविवारी तिनेच केला, संध्याकाळी, व्हिडिओवर,
तिकडे झोपायची वेळ टळलेली,
झोप येईना म्हणाली.
मी पापणी बोटाने उचलून धरली,
हसल्यासारखं केलं,
गालही अर्धाच आला बरोबर.
ती पडद्याच्या अगदी जवळ आली,
माझ्याकडे नाही,
माझ्या मागे, खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे.

"अगं, तो माझा खण.
तू नोकरीला लागलीस त्या साली घेतलेला.
मी म्हटलं पेटीतच कुजवतेस की काय."
चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं तिला लागत नाहीत.
"छान गुंडाळलाय. काठ वर घेतलास ते बरं केलंस.
पण काठी कुणाची गं?"

विचारा,
असं मीच तर लिहिलं होतं.