उजेडाचं टेबल

एकोणीस वर्षं मी माणसं पाहिली ती अशी:
चार मायक्रॉन जाड, गुलाबी-जांभळी,
काचेवर निजलेली.
नाव कोपऱ्यात, बारकोडच्या खाली.
चेहरा कुणालाच नाही.

माझी खोली तळघरात. सेंट जॉन्सचं बंदर इथून दिसत नाही,
धुकं दाटलं की भोंगा तेवढा ऐकू येतो,
आणि मी रिपोर्ट लिहितो
सर्जनसाठी, सर्जनच्या भाषेत.
माझं वाक्य जिना चढून पुढे कुठे जातं
हे मी कधी विचारलं नव्हतं.

एफी टल्कनं विचारलं.

तिचा रिपोर्ट तिच्या फोनवर आला
शुक्रवारी रात्री पावणेअकराला, डॉक्टरच्या आधी.
डॉक्टर मंगळवारी भेटणार होते.
'कडा मुक्त' वाचून तिला वाटलं
गाठ मोकाट सुटलीय अंगभर.
'पॉझिटिव्ह' तीनदा आलं होतं;
ते बरं की वाईट, हे तिनं कुत्र्याला विचारलं,
घरात दुसरं कुणी नव्हतं.
आणि शेवटची ओळ,
'उर्वरित स्तन-ऊती: उल्लेखनीय काही नाही',
तिथे मात्र ती भडकली.
तीन पोरं प्यायलीत त्यावर.
उल्लेखनीय नाही म्हणे!

भाच्याच्या ट्रकमधून पाच तास
आणि 'प्रवेश बंद'च्या दारातून सरळ आत.
पेशंटला बसायला आमच्याकडे खुर्ची नसते.
मी एक चाक मोडलेलं स्टूल पुढे केलं,
घसा खाकरला, "हे बघा मिसेस टल्क, आपल्या निदानाच्या संदर्भात..."
ती म्हणाली, "दाखव."

विद्यार्थ्यांसाठी असते ती दुसरी नळी.
तिनं चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला.
बराच वेळ काही नाही. मग:
"खालून उजेड."
"हो."
"तेहतीस वर्षं प्लांटवर हेच केलं.
काचेखाली दिवे, वर कॉडची फाक,
आणि आपण किडा शोधायचा.
तुझा चुकतो का कधी?"

कुठल्याच परीक्षेत मला हे विचारलं नव्हतं.
"चुकतो," मी म्हणालो, "म्हणून शंका आली की दुसऱ्याला दाखवतो."
"आम्हीपण. शेजारच्या बाईला."

मी काच सरकवली, हळू.
तिनं स्वतःच थांबवलं.
"हे इथलं वाईट ना? यांची ओळ मोडलीय."
"हो. हा कर्करोग आहे."
हजारदा लिहिलेला शब्द;
ज्याचा होता त्याच्यासमोर
तोंडातून पहिल्यांदा निघाला.
दगडासारखा नाही पडला. नुसता पडला.

"आणि ही निळी रेघ बघा. ती शाई आहे.
काढलेल्या तुकड्याची कड आम्ही रंगवतो.
कर्करोग शाईपर्यंत पोचलेला नाही.
कडा मुक्त म्हणजे एवढंच."
"म्हणजे सुरी नीट फिरली."
"नीट फिरली."
"मग तसं लिही की, मेल्या!"

काखेतल्या ग्रंथींचं तिनं विचारलं नव्हतं.
हातचं राखायचं नाही असं ठरवलेलं,
तरी जीभ जड झाली.
"अकरांत एक," ती माझ्यामागून म्हणाली,
आणि स्कार्फची गाठ सोडून पुन्हा बांधली.
मग इथे चहा कुठे मिळतो ते विचारलं.

आता रिपोर्टच्या तळाशी मी चार ओळी जास्तीच्या लिहितो.
कमिटीला त्या पसंत नाहीत, लांबी वाढते.
'उल्लेखनीय काही नाही' अजून सवयीनं टाइप होतं.
खोडतो. 'बाकीचा भाग निरोगी आहे' असं लिहितो.
त्याच्याखाली तळघरातला फोन नंबर.

तो सहसा वाजत नाही.
परवा वाजला. मी कुणाचीतरी गाठ कापत होतो.
सुरी खाली ठेवली,
हातमोजे काढले.