पंधरा नंबर

हिंगणा रोडवरची लॅब, सेहेचाळीस अंश.
कूलरचा वाळा पाण्यापेक्षा धूळच जास्त पितो.
चौदा यंत्रं उठली.
पंधरावं तेवढं काळ्या पडद्यावर
एकच ओळ गिरवत बसलंय:
मूळ सापडत नाही.

केबल बदलली. स्विचचं भोक बदललं.
उंदरावर आळ घेऊन झाला.
कुंभारे म्हणाला, "डिस्क गेली असन बे याची."
डिस्क नाहीच याला.
रोज सकाळी आपण कोण, हेसुद्धा
बाजूच्या खोलीत विचारावं लागतं.

दुपारी सर्व्हरवरची यादी उघडली.
माझ्याच हातची, मागल्या मे महिन्यातली:
एक ते चौदा.

पंधरावा पत्ता लिहिला.
ओळी भराभर वर सरकल्या.
तीन तास दाराशी उभं होतं ते
आणि मी त्याचेच खिसे तपासत होतो.

कुंभारे बादली घेऊन कूलरकडे गेला.