तीन तासांची जीप

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर
हितार्थभाईंचं ऑफिस. जिना अरुंद,
म्हणून शालन पुढे, मी मागे.
दीवचं सगळं ठरलंच होतं: चार दिवस,
नागवा बीच, होक्याच्या झाडांकडे उघडणारी खिडकी,
नाश्ता धरून.
उरला होता फक्त सिंह.

हितार्थभाईंनी कागद फिरवून आमच्याकडे केला.
एक, कुंपणातल्या रस्त्यानं फिरणारी बस. तीस माणसं,
स्वस्त, तासाभरात परत,
"सिंह तर दिसणारच, काका, ग्यारंटी!"
हे मला ऐकू आलं, कारण ते ओरडले.
शालन म्हणाली, दिसणारच असेल
तर बघायला कशाला जायचं?

दुसरी, जंगलातली उघडी जीप,
पहाटेची, तीन तास. दिसला तर दिसला.
सहा जणांत वाटून घेतली तर परवडते,
अहमदाबादचं एक कुटुंब तयारच होतं, चौघांचं.
"कंपनी मळशे, काकी,"
एवढं मी त्यांच्या ओठांवरून वाचलं.

शालननं मान हलवली.
अख्खी जीप हवी. आम्हा दोघांनाच.

मी बघतच राहिलो.
ही बाई कोथिंबिरीवर मिरच्या फुकट मागते,
पाच रुपयांसाठी रिक्षावाल्याशी
पार कोठीपर्यंत भांडत जाते,
आणि आता चार रिकाम्या जागांचे पैसे?
"पाय लांब करून बसू,"
ती माझ्या उजव्या कानाशी म्हणाली.
मग नावं, वयं, आधारच्या झेरॉक्स.
माझं वय तिनं एक वर्ष कमी सांगितलं,
हितार्थभाईंनी कार्ड बघून निमूट दुरुस्त केलं.

काळ्या घोड्यापर्यंत मी हिशेब करत चाललो.
समुद्राचं ठीक आहे. तिथे
सगळेच थोडे बहिरे असतात.
नवरे बायकांना ओरडून विचारतात,
चपला कुठे ठेवल्या, नारळपाणी घेणार का.
माझं 'काय?' लाटेखाली जातं.
पण जंगलात म्हणे कुजबुजायचं असतं,
आणि माझी आधी गेली ती कुजबुजच.
पंगतीत वाढप्याचं हळू विचारणं,
मग नातीनं कानात सांगितलेलं गुपित:
मी हसून हो हो म्हटलं,
आणि तिचा चेहरा पडला,
कारण तो प्रश्न होता.

गाइड हळूच म्हणेल, तो बघा, करवंदीच्या जाळीत.
मी विचारीन, कुठे? काय?
सिंह उठून जाईल, आणि चार माणसं
माझ्याकडे न बघण्याची
काळजी घेतील.

हे सगळं तिनं माळ्यावरच मोजलं असणार,
भावाच्या आधी.

पुलावर तिनं माझं मनगट दाबलं.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात
वेफर्सची पाकिटं, एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची,
आणि खुर्चीच्या शेजारी ऊन खात
मगर, जबडा उघडा टाकून.
मागून सिटी बस गेली. हॉर्न वाजला असणार,
मला नुसती कठड्यातून थरथर आली.
तिनं बोट दाखवलं नाही.
मनगट एकदा दाबलं: आहे.
दोनदा: हलली.
आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे,
एक चणेवाला थांबून गेला
आम्ही काय बघतोय ते बघून.

फतेहगंजला सेव-उसळ खाताना मी म्हटलं,
शेजारचं टेबल वळून बघेल इतक्या मोठ्यानं,
आणि नाहीच दिसला तर?
तिनं पाव मोडून माझ्या ताटलीत ठेवला
आणि काहीतरी म्हणाली.
तिखटानं ओठ पोळले होते तिचे,
वाचता येईनात.
काय?
"स्वेटर घे, म्हटलं," ती ओरडली,
"उघड्या जीपमध्ये गारठा असतो पहाटे."