सातवं तिकीट

बोट सुटणार एकतीसच्या संध्याकाळी
आणि त्याच रात्री वरच्या डेकवर भुतांचा मेळावा.
कंपनीचं पत्र आलंय, खाली बारीक अक्षरांत:
शस्त्रं नकोत, मेणबत्त्या नकोत,
पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे नकोत.
बाबा म्हणाले, मग घाबरायचं कशाला?

कोथरूडच्या जेवणाच्या टेबलावर
मी वही उघडून बसलेय.
डावीकडे माणसं, उजवीकडे भुतं.
हेमंत खवीस, पोट आयतं आहे.
शलाका जखीण, पण नथ घालणार म्हणजे घालणार.
तनयचा व्हॅम्पायर स्वतःच्या पैशांचा,
त्यात आम्ही बोलायचं नाही.
बाबांना मुंजा व्हायचं होतं. वय शहात्तर.
लग्न झालेल्याला मुंजा होता येत नाही, हेमंत म्हणाला,
नियम म्हणजे नियम.
मग बराच वेळ रुसून, समंध.

मिहिका हडळ. तिला उलटे पाय हवेत.
जुन्या बुटांच्या टाचा पुढे, टोकं मागे,
फेव्हिकॉल, दोन दिवस वर पाटा.
चालून बघितलं तर फ्रिजवर आदळली,
आणि हसत म्हणाली, आत्या, जमतंय.

सदाशिव पेठेत दातारांची ड्रेपरी,
एक ते चार बंद, हे मी विसरले होते.
चारला पाच कमी असताना आतूनच आवाज:
कुठलं नाटक?
नाटक नाही, बोट.
किती प्रयोग?
एकच. पण पाच दिवस लागतील.
म्हातारे दातार शाल घडी करत म्हणाले,
भाडं रोजचं. आणि खारा वारा लागला
की जर काळी पडते, ते वेगळं.
दाढी दिली. तिच्यात कुठल्यातरी ऋषीचा
डिंक अजून चिकटलेला.

मंडईत लाल भोपळा घेतला.
फोड देऊ? अख्खा द्या.
एवढा? माणसं किती?
सहा, म्हणाले मी, पटकन. बरोबर होतं.

बोटीवर सुरी नेता येणार नाही,
म्हणून घरीच कोरायची हौस भागवून घेतली.
डोळे तिरके, दात चार.
आतला गर किसला, गूळ घातला, घारगे केले.
बाबांनी पाच खाल्ले आणि म्हणाले,
हे भूत चांगलं आहे.

वहीत डावीकडे एक नाव आहे
ज्याच्यासमोर मी काही लिहिलेलं नाही.
तिकिटं काढली फेब्रुवारीत. तेव्हा आम्ही सात होतो.
कंपनीतल्या मुलीला तीनदा फोन केला:
नाव बदलता येत नाही मॅडम, पैसे परत मिळत नाहीत,
तुमच्या केबिनमधले दोन पलंग
जोडून देऊ का, वेगळे ठेवू?

घरात ते नाव कुणी घेत नाही,
विशेषतः दिवेलागणीनंतर.
मिहिकाने शेवटी विचारलंच, घारगा तोंडात धरून:
काका भूत झालाय का?
शलाकाचा हात कढईवर थांबला.
नाही गं, मी म्हणाले,
वाकडला राहायला गेलाय.
बाबांना ठसका लागला. हेमंत पाणी आणायला गेला
आणि स्वयंपाकघरात बराच वेळ राहिला.
हसतो म्हणजे खांदे हलतात त्याचे,
पाठमोरा असला तरी कळतं.

मग मीही. मार्चनंतर पहिल्यांदा,
घारग्यांच्या ताटावर ओणवी होऊन.

पलंग वेगळेच ठेवा, सकाळी कळवलं.
एकावर मी झोपेन,
दुसऱ्यावर कपडे: शाल, दाढी, उलटे बूट,
खविसाच्या पोटासाठीची उशी.
बॅग साडेचौदा किलो भरली. पंधरा चालतात.

भोपळा बाल्कनीत आहे, चौथा दिवस.
कपाळ आत बसत चाललंय, दात एकमेकांवर चढलेत.
खालच्या दामल्यांनी चिलटांची तक्रार केली.

आणि तू काय होणार, तनयने विचारलं,
फोनवरून डोळे न काढता.
माझ्या नावासमोरही कोरंच आहे, तेव्हा लक्षात आलं.
बघू.
आत्ता आधी चार वाजता ड्रेपरी गाठायची आहे,
दाढी बदलून आणायला.
बाबांना तिच्यात घाम येतो.