बर्फाच्या वहीची मागची पानं

वही बर्फाची. रकाने तीन :
बोट, लाद्या, बाकी.
मागून उघडली तर मात्र
बोटीच्या रकान्यात देश नांगरलेले,
कामेरून, बेल्जियम, पराग्वे,
समोर एकेकाचं नाव आणि दहा रुपये.
अक्षर माझं. मी कारखान्याचा कारकून,
वेंगुर्ले बंदर.

वर्ल्डकप यायचा तो मासेमारी बंद असताना.
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली,
आणि घराघरात बायका म्हणायच्या,
जरा पायातून बाजूला व्हा.
गावची वीज वाऱ्याबरोबर जायची.
जनरेटर फक्त आमच्याकडे.
म्हणून इनास आल्मेडाचा टीव्ही हातगाडीवरून यायचा,
ताप आलेल्या पोरासारखा गोधडीत गुंडाळून.

रिकाम्या टाक्यांवर फळ्या टाकून बसायचो.
अमोनियाचा वास, भाजलेल्या आठळ्या,
सुका बांगडा, कोणाच्या तरी खिशात काजूची.
बाबल्याचा धाकटा वर पत्र्यावर, अँटेना धरून.
गोल झाला की वाकून विचारायचा, कोणी मारल्यान?
वाकला की चित्र जायचं.
त्या पोराने चार फायनली ऐकल्या,
एकही बघितली नाही.

देश चिठ्ठ्या टाकून मिळायचे.
एक सोडून.
आर्जेंटिना कासम सोलकरचं. ते डब्यात टाकायचंच नाही.
बाहेरच्या पैजा वेगळ्या, त्या वहीत नाहीत :
इटली हरलं तेव्हा खवणेकरांनी अर्धी मिशी दिली,
उरलेली बायकोने काढायला लावली.
दोन साडू जर्मनीवरून भांडले
आणि नारळी पौर्णिमेपर्यंत एकमेकांची जाळी विणत बसले.
हरलं कोण, दोघांनाही आठवत नाही.

टीव्ही चपटा झाला. चोविसाचे बत्तीस देश झाले.
डिझेल कुठल्या कुठे गेलं, वर्गणी दहाच राहिली.
एका फायनलला कासमचा देश केव्हाच घरी गेलेला,
तरी आला, आठळ्या घेऊन, निळे-पांढरे पट्टे घालून,
कॉलर फाटलेली.
उठताना नोट ठेवली वहीवर.
"फुडच्याचे आत्ताच घे."
मी लिहिलं. आर्जेंटिना, कासम, दहा.
तो पुढचा यायच्या आधी दोन वर्षं
कासम गेला.

आणि पुढचा आला तो डिसेंबरात.
होड्या सगळ्या पाण्यात, कारखाना चालू,
फळ्यांवर मी एकटा.
निवतीच्या बाजूला मोबाईलला रेंज नाही,
म्हणून वायरलेसवर एकामागून एक :
किती झाले? किती झाले रे?
पेनल्टी लागल्या तेव्हा मी माईक हातातच धरला.
गेली. अडवली. गेली. बाहेर.
शेवटची आत गेली तेव्हा
पलीकडे नुसती खरखर,
इंजिनं बंद केल्यासारखी.
मग कोणीतरी, आवाज ओळखता आला नाही, म्हणालं,
"कासम जिंकलो."

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन गेलो.
हलीमाभाभी अंगणात सुंगटं सोलत होत्या.
म्हणाल्या, त्यांना कुठलं आर्जेंटिना!
सावंतवाडीच्या बाजारात अंगाला बसणारा
तेवढा एकच शर्ट मिळाला.
मग शर्टाला वाईट वाटू नये म्हणून आयुष्यभर.

हात पदराला पुसून त्यांनी नोटा मोजल्या.
परत मोजल्या.
देश बत्तीस ना?
हो.
हे तीनशे दहा आहेत.

मी वहीकडे बघितलं.
माझ्या नावापुढे, पहिल्या पानापासून,
तिसऱ्या रकान्यात, माझ्याच अक्षरात :
बाकी.

"ते म्हणायचे,"
भाभींनी पुढचं सुंगट उचललं,
"वहीवाला कधीच भरत नाही.
पण विचारू नकोस, म्हणायचे,
नाहीतर लिहायला कोण बसणार."