मापटं

बुधवारचा बाजार, गोदेच्या काठी.
गफूर मण्यारच्या ताडपत्रीवर
देवळाली कॅम्पातला तामचिनी मग, कान तुटलेला,
बुडाला कुणा गोऱ्या शिपायाचा नंबर;
द्राक्षं विरळायच्या कात्र्या, इतक्या नव्या
की जुन्यात कशा आल्या ते विचारू नये;
बिनकिल्लीचं कुलूप,
आणि एक पितळी मापटं.

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली.
हात आपोआप आत जातो, बुडाशी.
लबाडी असली तर तिथंच असते.
बूड आत ठोकलेलं असलं
की दर मापामागं चिमूट चिमूट धान्य
दुकानदाराच्याच कणगीत राहतं.
पेठ, हरसूल, सुरगाणा,
सगळे आठवडे बाजार पालथे घातलेत मी,
जीपच्या मागं जप्त मापांचा खडखडाट घेऊन.

पण ह्याचं बूड बाहेर आलेलं.
पडून, आपटून नव्हे;
तांबटाच्या सवडीनं, ठोक्याला ठोका लागून.
म्हटलं, हे माप जास्तीचं आहे.

"जास्त घेणारं, का जास्त देणारं?"
गफूरनं बिडी विझवत विचारलं.

मीठ विकणाऱ्याच्या हातात असेल तर पुण्य.
नागली विकत घेणाऱ्याच्या हातात असेल तर
मग मला ते घर माहीत आहे.
डांगात अशी दोन मापं ठेवायचे,
एक घ्यायचं, एक द्यायचं,
कधी एका फळीवर नाही.

साडेचारशे म्हणाला, चारशेला दिलं.
त्याच्या काट्यावर खात्याचा शिक्का नव्हता.
मी तिकडं बघितलं नाही.

घरी चिंच लावून घासलं
तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलं:
ठकी लहानू गावित.
पुढं गाव असावं. तिथं चीर गेलीय.

म्हणजे काय समजायचं?
गहाण पडलेलं तिचं माप
सावकारानं ठोकून आपल्या कामाला लावलं?
का तिनंच वाळे मोडून
भांडी बाजारात हे करून घेतलं,
पदराखाली नेलं, आणलं,
त्यानं मोजलेलं घरी पुन्हा मोजायला?
का शेजारणीला उसनं देताना
हात आखडू नये म्हणून
तिनंच तांबटाला सांगितलं, अजून थोडं, अजून थोडं?

पंचनाम्यात असल्या ओळीला रकाना नसतो.
मी आयुष्यभर एवढंच लिहीत आलो:
माप सदोष. जप्त.

जुना तक्ता काढला, तांदूळ मोजून पाहिला.
बरोबर एक मूठ जास्त.
माझी मूठ. तिची लहान असेल.

ती मूठ बशीत काढून ठेवलीय.
सून विचारते, बाबा, हे भातात घालू का परत?
थांब म्हणालो.
आज शनिवार. अजून थांबलीय.